सिकलसेल आणि जीन एडिटिंग: डॉक्टरांना भेटण्याआधी फाइल कशी तयार करायची

१६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटननं आणि ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेनं ‘कॅसजेव्ही’ला मान्यता दिली. क्रिस्पर (डीएनए ठरलेल्या जागी कापणारं तंत्र) वापरून जनुकात बदल करणारा, मान्यता मिळालेला हा जगातला पहिला उपचार आणि तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा. तेव्हापासून गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात ज्या घरात एसएस पॅटर्नचं, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकल जनुक आलेलं मूल आहे, तिथं एकच प्रश्न विचारला जातो: हे आपल्याला कधी मिळणार?

त्याआधीचा प्रश्न असा की मिळालंच, तर आपलं मूल त्यात बसतं का. ते ठरतं फाइलवरून. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकू. जनुक कापणं हा या उपचारातला रुग्णाच्या दृष्टीनं सगळ्यात हलका भाग आहे. ते काम कारखान्यात, पेशींच्या पिशवीवर होतं, रुग्णाच्या अंगात नाही. रुग्णाला सोसावं लागतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. फाइल त्यासाठीच.

पॅटर्न नक्की करून घ्या

गावातल्या शिबिरात होते ती सॉल्युबिलिटी चाचणी. रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात, गढूळ झालं की पॉझिटिव्ह. त्यातून एवढंच कळतं की एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी लागते. तो रिपोर्ट हातात आला की चार आकडे बघा: हिमोग्लोबिन ए, एस, एफ आणि ए-२.

ए जास्त आणि एस साधारण ३० ते ४० टक्के असेल तर तो एएस, म्हणजे वाहक. त्याला या उपचाराची गरजच नाही. ए जवळजवळ शून्य आणि एस बहुतांश असेल तर एसएस. पण इथं एक खाच आहे. एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला, तरी काही वेळा ए शून्यच दिसतो आणि रिपोर्टवर एसएसचा शिक्का बसतो. ए-२ साडेतीन टक्क्यांच्या वर आणि लाल पेशी आकारानं लहान असतील तर तसा संशय घ्यायचा. आई आणि वडील दोघांचं एचपीएलसी केलं की गुंता बहुधा सुटतो. तरीही राहिला तर बीटा ग्लोबिन जनुकाचं सिक्वेन्सिंग करतात.

नेहमी होणारी चूक म्हणजे रक्त चढवल्यावर महिन्याभरात एचपीएलसी करणं. दात्याच्या लाल पेशी तीन-चार महिने अंगात फिरत असतात, त्यामुळे एसएसचं मूल कागदावर एएस दिसतं. रक्त कधी चढवलं ती तारीख रिपोर्टवर लिहून घ्या. ती नसेल तर त्या रिपोर्टवर विसंबू नका.

एफचा, म्हणजे गर्भातल्या हिमोग्लोबिनचा आकडा मात्र अधोरेखित करून ठेवा. आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये अरब-भारतीय हॅप्लोटाइप (एकत्र वारशानं येणाऱ्या जनुकीय खुणांचा गट) जास्त आढळतो. त्यात एफ जन्मजातच चढा राहतो, म्हणून काही मुलांचा आजार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य चालतो. काहींचाच; विदर्भात भरपूर त्रास होणारी मुलंही आहेत. पण ज्याचा एफ मुळातच चांगला आहे आणि क्रायसिस (सिकल पेशी रक्तवाहिन्यांत अडकून येणारा तीव्र वेदनेचा झटका) क्वचित येतो, त्याला एवढ्या जड उपचारात घालायचं का, हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा.

दोन वर्षांचे केस पेपर

कॅसजेव्हीच्या चाचणीत ज्यांना घेतलं, त्यांना आधीच्या सलग दोन वर्षांत दरवर्षी किमान दोन तीव्र क्रायसिस आलेले असावे लागत. तीव्र म्हणजे काय, याचीही व्याख्या होती: दवाखान्यात जाऊन अफूवर्गातलं किंवा शिरेतून दिलेलं वेदनाशामक घ्यावं लागलेली अथवा रक्त चढवावं लागलेली वेदना, छातीचा क्रायसिस, म्हणजे ताप, धाप आणि एक्स-रेत नवा डाग, दोन तासांपेक्षा जास्त टिकलेला लिंगाचा ताठरपणा, किंवा अचानक पाणथरी वाढून हिमोग्लोबिन कोसळणं.

आपल्याकडे घोळ असा होतो की मूल रात्रभर हातपाय दुखून रडतं, घरी गोळी देऊन, शेकून रात्र काढतात. तो क्रायसिस खरा असतो, पण कागदावर येत नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, केस पेपर काढा, त्यावर ‘सिकलसेल क्रायसिस’ हे शब्द, तारीख, दिलेलं औषध आणि त्या वेळचं हिमोग्लोबिन लिहून मागा. डिस्चार्ज कार्ड हरवतात, म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एका साध्या वहीत तारीख, कुठं दुखलं, किती दिवस, काय दिलं, शाळा किती दिवस बुडाली, एवढे रकाने पुरेत.

याच्या जोडीला हे रिपोर्ट फाइलला लावा: फेरिटिन (वारंवार रक्त चढवलेल्यांत लोह साठतं), यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, हृदयाचा इको, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि २ ते १६ वयाच्या मुलांसाठी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर. डॉपलरमध्ये रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आला, तर जीन एडिटिंगची वाट बघत बसायचं नाही. पक्षाघाताचा धोका आहे. लगेच रक्तरोगतज्ज्ञांकडे जायचं.

आणि हायड्रॉक्सियुरिया (क्रायसिस कमी करणारी रोजची गोळी) बंद करायचं नाही. ‘आता नवीन उपचार येतोय’ म्हणून गोळी सोडलेली मुलं पुन्हा क्रायसिसमध्ये जातात. उपचाराला निवड झालीच, तर पेशी गोळा करण्याच्या किमान आठ आठवडे आधी ती थांबवावी लागते. पण ते डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तिच्या जागी नियमित रक्त सुरू झाल्यावर.

आधी भावंडांची एचएलए तपासणी

पेशी जुळणारं सख्खं भावंड असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा उपचार आजही भारतात होतो, त्याच्या निकालांचा अनुभव कित्येक वर्षांचा आहे आणि खर्च जीन एडिटिंगच्या तुलनेत किरकोळ. सख्ख्या भावंडाची एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भावंड एएस असलं तरी दाता म्हणून चालतं, याची बऱ्याच घरांना कल्पना नसते आणि ‘त्यालाही सिकल आहे’ म्हणून तपासणीच टाळली जाते. कॅसजेव्हीच्या चाचणीतही जुळणारा नातेवाईक दाता असलेल्यांना घेतलं नव्हतं. त्यामुळे हा कागद फाइलमध्ये हवाच.

कात्री नेमकं काय कापते

सिकलसेलचं मूळ ११ व्या गुणसूत्रावर, बीटा ग्लोबिनच्या जनुकात. तिथल्या डीएनएच्या एका अक्षराचा ‘ए’ जाऊन ‘टी’ झाला, त्यामुळे ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन आलं आणि ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनच्या काठ्या बनू लागल्या. मग कोणालाही वाटेल, ते अक्षरच दुरुस्त करावं.

कॅसजेव्ही ते करत नाही. कॅस-९ ही कात्री डीएनएचे दोन्ही धागे कापते, दुरुस्त करत नाही. कापलेलं जोडण्याचं काम पेशी स्वतः करते आणि घाईत जोडताना दोन-चार अक्षरं गाळते किंवा घुसडते. नमुना देऊन नेमकी दुरुस्ती करवून घेता येते, पण रक्ताच्या मूळ पेशी (स्टेम सेल, ज्यांतून सगळ्या रक्तपेशी तयार होतात) बऱ्याचदा विश्रांतीत असतात आणि तशी दुरुस्ती त्यांच्यात कमी होते. मग बीटा ग्लोबिन मोडूनच पडण्याची भीती, म्हणजे सिकलच्या जागी थॅलेसेमियासारखी गत.

म्हणून वेगळी वाट शोधली गेली. गर्भात असताना आपल्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन एफ असतं. जन्मानंतर ते बंद करणाऱ्या जनुकाचं नाव बीसीएल-११-ए, ते दुसऱ्या गुणसूत्रावर. ते पूर्ण मोडलं तर इतर रक्तपेशींचंही बिघडतं. पण त्याच्या आत एक छोटा तुकडा असा आहे, जो फक्त लाल पेशी तयार होताना त्या जनुकाला चालू ठेवतो. २० अक्षरांचा गाइड आरएनए कात्रीला तिथं नेतो, शेजारी लागणारी तीन अक्षरांची खूण जुळली की कात्री चालते, जोडताना होणाऱ्या चुकीनं ते बटण निकामी होतं आणि एफ पुन्हा वाहू लागतं. चूक होते, म्हणूनच उपचार होतो.

नव्या साधनांची नावंही कानावर येतील. बेस एडिटर दोन्ही धागे न कापता एका अक्षराचं रसायन बदलतो, पण ठरावीकच बदल त्याला जमतात: सी चा टी आणि ए चा जी. सिकलमधल्या टी चा पुन्हा ए करणं त्याला येत नाही. मात्र समोरच्या धाग्यावरच्या ए चा जी करून व्हॅलिनच्या जागी अ‍ॅलनिन आणता येतं. असं हिमोग्लोबिन काही माणसांत निसर्गतःच असतं, त्याला मकास्सर म्हणतात आणि ते सिकल होत नाही. २०१९ मध्ये आलेला प्राइम एडिटर टी चा थेट ए करू शकतो. कागदावर सगळ्यात सुबक हाच, पण मूळ पेशींत पुरेशा प्रमाणात करून दाखवणं हे वेगळं काम.

उपचार प्रत्यक्षात कसा चालतो

अमेरिकेनं २०२३ मध्ये दिलेली मान्यता १२ वर्षं आणि त्याहून मोठ्या रुग्णांसाठी होती. धरून चालू की मुलाचं वजन ४० किलो.

पहिले किमान आठ आठवडे नियमित रक्त चढवतात, एस ३० टक्क्यांच्या खाली आणि एकूण हिमोग्लोबिन ११ च्या आत ठेवून. दोन्ही अटींना कारण आहे. सिकल पेशी जास्त असताना पुढची पायरी धोक्याची आणि हिमोग्लोबिन फार वाढलं तर रक्त घट्ट होतं.

मग मूळ पेशी अस्थिमज्जेतून रक्तात आणतात. इतर आजारांत त्यासाठी जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात. सिकलसेलमध्ये ती द्यायची नसतात. पांढऱ्या पेशी उसळून जीवघेणा क्रायसिस आल्याची उदाहरणं आहेत. इथं फक्त प्लेरिक्साफॉर, किलोमागं ०.२४ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या मुलाला ९.६ मिलिग्रॅम. दोन-तीन तासांनी अफेरेसिसच्या यंत्राला जोडतात. एका हातातून रक्त बाहेर, मूळ पेशी वेगळ्या, बाकी रक्त परत आत. दिवसाचे कित्येक तास आणि असे लागोपाठ दोन-तीन दिवस.

आता हिशोब. परत सोडायच्या एडिट केलेल्या पेशी किलोमागं किमान ३० लाख, म्हणजे ४० किलोला १२ कोटी. पण कारखान्यात वेचताना, विजेचा झटका देताना, गोठवताना बऱ्याच पेशी मरतात, म्हणून गोळा करायचं लक्ष्य किलोमागं दोन कोटींच्या घरात: ८० कोटी. शिवाय किलोमागं किमान २० लाख पेशी हात न लावता राखीव ठेवतात, आणखी ८ कोटी. एडिट केलेल्या पेशी रुजल्याच नाहीत तर या राखीव पेशींवरच जीव वाचतो. ‘राखीव पेशी कुठं ठेवणार?’ हा प्रश्न लिहून न्या.

बहुतेकदा अडतं ते इथंच. सिकलच्या रुग्णांच्या मूळ पेशी कमी निघतात, एका फेरीत भागत नाही. दोन फेऱ्यांत किमान १४ दिवसांचं अंतर लागतं. काहींच्या दोन-तीन फेऱ्या होतात आणि काही याच टप्प्यावर बाहेर पडतात. आधीच तयारी ठेवा: मुक्काम, कामाची रजा, दर वेळी रक्ताची सोय.

पेशी कारखान्यात जातात. कॅस-९ प्रथिन आणि गाइड आरएनए एकत्र करून, क्षणभराच्या विजेच्या झटक्यानं पेशीच्या पडद्याला छिद्रं पाडून आत घालतात. कात्री दिवस-दोन दिवसांत विरघळून जाते, झालेला बदल राहतो. सुरुवातीच्या रुग्णांत जनुकाच्या साधारण ८० टक्के प्रतींवर बदल झालेला दिसला. तपासण्यांसह या सगळ्याला सहा महिन्यांपर्यंत लागतात. तोवर मुलाला रक्त चालूच ठेवावं लागतं.

सगळ्यात जड टप्पा यानंतरचा. जुनी अस्थिमज्जा रिकामी केल्याशिवाय नव्या पेशींना जागा नाही. त्यासाठी चार दिवस शिरेतून बुसल्फान. ही केमोथेरपीच आहे, दुसरं काही नाही. रक्तातली पातळी मोजून मात्रा ठरवतात, कारण कमी पडलं तर पेशी रुजत नाहीत आणि जास्त झालं तर यकृताच्या बारीक शिरा तुंबतात. फिट येऊ नये म्हणून आधीच औषध सुरू करतात. तोंडात फोड येतात, केस जातात. आणि मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, हे आई-वडिलांशी आणि वयात आलेल्या मुला-मुलीशी स्पष्ट बोलायला हवं. बीज गोठवून ठेवायचं असेल तर केमोच्या आधी, मुलींच्या बाबतीत बरंच आधी, तज्ज्ञांची वेळ घ्या.

शेवटच्या मात्रेनंतर किमान ४८ तास थांबून, सात दिवसांच्या आत, गोठवलेल्या कुप्या ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि वीस मिनिटांच्या आत शिरेतून सोडतात. बघायला गेलं तर साधं रक्त चढवण्यासारखंच. पुढे चार ते सहा आठवडे दवाखान्यात मुक्काम. चाचणीत पांढऱ्या पेशी सावरायला मध्यक २७ दिवस (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) लागले, प्लेटलेटना ३५. त्या काळात साधा संसर्गही महागात पडतो. चाचणीतला एक रुग्ण कोविड झाल्यानं दगावला; त्यात बुसल्फाननं फुप्फुसाला झालेल्या इजेचाही वाटा असण्याची शक्यता होती.

निकाल सांगायचा तर अमेरिकेनं मान्यता देताना ज्यांचा पुरेसा पाठपुरावा झाला होता अशा ३१ रुग्णांपैकी २९ जण सलग किमान बारा महिने तीव्र क्रायसिसशिवाय राहिले. हा आकडा मोठाच आहे. त्याच्यासोबत जाहीर झालेली किंमतही मोठी: एका रुग्णाला २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दरानं आपल्या अठरा-एकोणीस कोटींच्या घरात, दवाखान्याचा खर्च वेगळा.

गाइडला मिळतीजुळती दुसरी जागा सापडली आणि कात्री तिथंही चालली तर? २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या एका अक्षराच्या फरकामुळे याच गाइडला अशी एक चुकीची जागा तयार होते. आपल्या लोकांतले फरक वेगळे. म्हणून भारतात कोणत्याही चाचणीत जाताना विचारा: भारतीय जनुकसंच धरून चुकीच्या जागा तपासल्या का? पाठपुरावा किती वर्षं? कॅसजेव्हीचा पाठपुरावा १५ वर्षांचा आहे.

भारतात काय चालू आहे आणि कुठं सावध राहायचं

दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबीनं फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जिवाणूतल्या कॅस-९ वर काम केलं, जी कात्री चुकीच्या जागी कमी चालते. त्यावर आधारलेला ‘बिरसा १०१’ हा सिकलसेलचा उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. जाहीर होणं आणि वॉर्डात मिळणं यांच्यामध्ये मानवी चाचण्या असतात, हे मात्र लक्षात ठेवा.

कोणी ‘चाचणीत घेतो’ म्हणालं की सीटीआरआय (भारतातल्या मानवी चाचण्यांची सरकारी नोंदणी) क्रमांक मागा. या नोंदणीचं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. क्रमांक टाकला की संस्था, आजार, निवडीचे निकष आणि नैतिकता समितीची मान्यता दिसते. चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. संमतीपत्र मराठीत, गरज असेल तर गोंडी किंवा पावरीत समजावून मागा आणि सही करण्याआधी घरी न्या. लगेच सही करा म्हणणाऱ्याकडे करू नका. ‘स्टेम सेल’च्या नावाखाली काही लाखांत सिकलसेल बरा करतो म्हणणाऱ्याला वरच्या हिशोबातला एकच प्रश्न विचारा: बुसल्फान देणार का? नाही म्हणाला तर निघून या.

२०२५ मध्ये फिलाडेल्फियात यकृताचा दुर्मिळ आजार असलेल्या एका बाळासाठी काही महिन्यांत खास बेस एडिटर तयार करून चरबीच्या सूक्ष्म थेंबांतून शिरेत सोडला गेला. केमो नाही, पेशी काढणं नाही. पण असे थेंब सहज यकृतात जातात, अस्थिमज्जेत नाहीत. सिकलसेलसाठी ते जमलं तर वरच्या निम्म्या पायऱ्या गळून पडतील. ज्यांचा आजार हायड्रॉक्सियुरियावर आटोक्यात आहे, त्यांनी थांबून त्याची वाट बघावी, असं आमचं मत.

उपचारानंतर फाइलमध्ये काय ठेवायचं

पेशी रुजल्यावरही एचपीएलसीवर एस दिसणारच. सिकलचं अक्षर बदललेलं नाही, एफ वाढलेलं आहे. साधारण सहा महिन्यांनंतर एफ चाळीस टक्क्यांच्या आसपास. सॉल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्हच येईल. गावच्या शिबिरात ‘उपचार फुकट गेला’ असं कोणी म्हणू नये म्हणून डॉक्टरांचं एका पानाचं पत्र जवळ ठेवा: कोणता उपचार, कधी, आत्ताचा एफ किती. पेशी सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत रक्त लागलं तर ते इरॅडिएटेड (किरणांनी प्रक्रिया केलेलं) हवं, हेही त्यावर ठळक लिहून घ्या.

लग्न ठरवतानाही हे पत्र दाखवा. एडिटिंग रक्ताच्या पेशींत झालं, बीजात नाही. एसएसचा बरा झालेला मुलगा किंवा मुलगी प्रत्येक अपत्याला एक सिकल जनुक देणारच. म्हणून जोडीदाराचं एचपीएलसी आधी करायचं, सॉल्युबिलिटीवर भागवायचं नाही, कारण ती चाचणी बीटा थॅलेसेमियाचा वाहक दाखवत नाही.